दुकानाचे शटर लावले, संगणकाचे काय?

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात टेंभली नावाचे छोटेसे गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक याच गावात दिला गेला. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी इथे आले होते. रंजना सोनवणे यांना मिळालेल्या त्या बारा आकड्यांपासून जी सुरुवात झाली, ती आज १३० कोटींच्या पुढे गेली आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा हा आदिवासी जिल्हा एका दिवसात देशाच्या संगणकीय नकाशावर आला.

त्यानंतर काय घडले, ते आपण सगळे रोज पाहतो. रेशन, शिष्यवृत्ती, पीकविमा, जातीचा दाखला, हजचा अर्ज, वक्फच्या मिळकतीची नोंद, सगळे ऑनलाइन झाले. धडगाव, मोलगीच्या डोंगरपाड्यांत मोबाइलला धड रेंज नसते, म्हणून माणसे खाली बाजारात उतरतात आणि कोणाच्या तरी दुकानातल्या संगणकासमोर उभी राहतात. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा इथल्या आपल्या अनेक मुलांनी अशीच दुकाने टाकली आहेत. कुणाचे आपले सरकार सेवा केंद्र आहे, कुणाचे झेरॉक्स आणि फोटोचे दुकान, कुणी जीएसटीची विवरणपत्रे भरून देतो. घरातही तेच आहे. भाभी शिलाईच्या ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर घेतात, बाजी शिकवणीचा हिशोब लॅपटॉपवर ठेवतात, मिरचीच्या व्यापाऱ्याचा मुनीम रात्री घरी बसून टॅलीत नोंदी करतो, आणि मस्जिदीच्या जमातीचा जमाखर्च कुणा तरुणाच्या संगणकात असतो.

म्हणजे आज आपल्या मोहल्ल्यातल्या एका साध्या संगणकात शेकडो माणसांचे आधार, पॅन, बँकेची पासबुके, फोटो आणि अंगठ्यांचे व्यवहार सामावलेले असतात. ही सगळी त्या माणसांची अमानत आहे. रात्री आपण शटर ओढतो, दोन कुलुपे लावतो, एकदा हिसका देऊन पाहतो. संगणकाला मात्र बहुतेक ठिकाणी एकही कुलूप नसते. या लेखात आम्ही त्या कुलपांबद्दल लिहीत आहोत. यातली बहुतेक कुलुपे फुकट आहेत आणि घरच्या घरी लावता येतात.

‘आमच्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?’

लहान दुकानदाराचा पहिला प्रश्न हाच असतो. मोठ्या बँका सोडून चोर आपल्याकडे कशाला येईल?

मोठ्या बँकांकडे चोर जातात, हे खरेच. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, दुसऱ्या शनिवारी बँक बंद असताना, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत घुसलेल्या चोरांनी बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. सोमवारी, १३ ऑगस्टला, आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा होता. १९०६ साली स्थापन झालेल्या बँकेच्या तिजोरीला कुणी हातही लावला नव्हता. संगणकात घुसलेल्या एका दुष्ट प्रोग्रामने हे सारे शक्य केले.

पण संगणकावरचे सगळेच हल्ले असे माणूस हेरून होत नाहीत. १२ मे २०१७ च्या शुक्रवारी ‘वॉनाक्राय’ नावाचा प्रोग्राम जगभर पसरला. दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्याने बंद पाडले. आतल्या फायली कुलूपबंद करून तो पडद्यावर ३०० डॉलरची खंडणी मागत असे. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. दीड महिन्यानेच, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ नावाच्या दुसऱ्या हल्ल्याने न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम विस्कळीत केले आणि कंटेनरचे ट्रक अडकून पडले. या प्रोग्रामना समोर रुग्णालय आहे की किराणा दुकान, हे कळत नाही. कडी न लावलेले दार दिसले की ते आत शिरतात.

शिवाय आपल्या संगणकात चोरण्यासारखे काही नाही, हे म्हणणेही खरे नाही. ग्राहकाच्या आधार-पॅनच्या प्रतींवर दुसऱ्याच्या नावाने सिमकार्ड निघू शकते, खाते उघडू शकते. तुमच्या केंद्राचा लॉगिन हाती आला तर त्यावरून भलतेच व्यवहार होऊ शकतात, आणि पोलीस आधी तुमच्या दारात येतील. त्याहून मोठे नुकसान वेगळेच आहे. ‘त्यांच्या दुकानात कागद दिला आणि माझे पैसे गेले’ हे एक वाक्य बाजारात फिरले, की वीस वर्षांची पत एका आठवड्यात जाते.

नवापूरला ठाऊक असलेली गोष्ट

फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या पोल्ट्रीत सापडला. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा तेच संकट आले. या अनुभवातून गेलेल्या पोल्ट्रीवाल्याला संसर्ग कसा पसरतो, हे शिकवावे लागत नाही. बाहेरची गाडी, बाहेरच्या माणसाचे बूट, दुसऱ्या शेडमधले भांडे, काहीही तपासल्याशिवाय आत येऊ द्यायचे नाही. एक पक्षी सुस्त दिसला तर त्याला आधी वेगळे काढायचे.

संगणकाचेही तसेच आहे. बाहेरची वस्तू आत येण्याचे मार्ग मोजकेच आहेत.

पहिला मार्ग पेनड्राइव्हचा. ग्राहक छपाईसाठी पेनड्राइव्ह देतो. तो आधी दहा दुकानांत फिरून आलेला असतो. तो लावला की लगेच उघडू नये. आधी अँटिव्हायरसने तपासावा. छपाईचा आणि बँकेचा संगणक वेगळा ठेवता आला तर फारच उत्तम. जुना, कमी ताकदीचा संगणकही छपाईला पुरतो.

दुसरा मार्ग व्हॉट्सअॅपचा. लग्नाचे निमंत्रण, वाहनाचा दंड, पीएम किसानचा हप्ता अशा नावांनी फायली येतात. निमंत्रणपत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. फायलीच्या शेवटी ‘एपीके’ असे लिहिले असेल तर ते अॅप आहे, पत्रिका नव्हे. ते फोनमध्ये बसले की तुमचे संदेश आणि ओटीपी परस्पर दुसऱ्याकडे जाऊ शकतात. पाठवणारा ओळखीचा असला तरी भरवसा धरू नये, कारण त्याचाच फोन आधी बळी पडलेला असू शकतो. लग्नसराईत आणि ईदच्या दिवसांत घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आवर्जून सांगून ठेवावे.

तिसरा मार्ग मुलांच्या खेळांचा. दुकानाचा लॅपटॉप रात्री घरी येतो आणि मुले त्यावर फुकटचे ‘क्रॅक’ केलेले गेम उतरवतात. मुलांना संगणक द्यावा, पण त्यांचे खाते वेगळे करून द्यावे. विंडोजमध्ये दोन प्रकारची खाती असतात. ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ खात्यातून काहीही बसवता येते, ‘स्टँडर्ड’ खात्यातून नवे काही बसवताना बहुतेक वेळा पासवर्ड मागितला जातो. मुलांना स्टँडर्ड खाते द्यावे. खरे तर दुकानात रोजच्या कामासाठी आपणही स्टँडर्ड खातेच वापरावे. या एका बदलाने बरेच दुष्ट प्रोग्राम उंबऱ्याबाहेर राहतात.

फुकटच्या सॉफ्टवेअरची किंमत

वैयक्तिक संगणकावर पसरलेला पहिला व्हायरस जानेवारी १९८६ चा मानला जातो. त्याचे नाव ‘ब्रेन’. लाहोरात संगणकाचे दुकान चालवणाऱ्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी तो लिहिला होता. त्यांनी तयार केलेल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती लोक काढत होते. त्या प्रती ओळखता याव्यात म्हणून हा उद्योग. व्हायरसमध्ये त्यांनी आपले नाव, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता. पुढे तो फ्लॉपींबरोबर देशोदेशी गेला आणि त्यांना परदेशातून फोन येऊ लागले. चोरट्या प्रती आणि व्हायरस यांचे नाते इतके जुने आहे.

आजही संगणक जोडून देणारा ‘सगळे टाकून देतो’ म्हणतो, तेव्हा बहुधा विंडोज, ऑफिस, कधी टॅलीसुद्धा चोरटी असते. अशी प्रत चालू करण्यासाठी जो ‘क्रॅक’ वापरतात, तो चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे चौकीदाराला सुट्टी देऊन अनोळखी माणसाला घरात घेणे झाले. शिवाय अपडेट बिघडतील या भीतीने अशा संगणकावर अपडेट बंदच ठेवले जातात.

अपडेटचे मोल वॉनाक्रायने दाखवून दिले. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे हल्ल्याच्या जवळजवळ दोन महिने आधी दिले होते. ज्यांनी ते घेतले ते वाचले. अपडेटमुळे संगणक अर्धा तास अडतो, म्हणून आपण ‘नंतर’वर बोट ठेवतो. ते काम जुम्याच्या नमाजाला जाताना लावून ठेवावे. परत येईपर्यंत झालेले असते.

विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. वैयक्तिक वापरकर्त्याने नोंदणी केल्यास विंडोज १० ला सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय आहे. दुकानात अजून विंडोज ७ असेल तर त्यावर बँकेचे आणि आधारचे काम करूच नये. नवा संगणक परवडत नसेल तर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली आणि लिब्रेऑफिस कायदेशीरपणे फुकट मिळतात. पत्रे, बिले, हिशोब यांना ती पुरेशी आहेत. फक्त अंगठ्याची काही यंत्रे विंडोजवरच चालतात, ते आधी पाहून घ्यावे.

अँटिव्हायरससाठीही खर्च करायलाच हवा असे नाही. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर चालू आणि अद्ययावत ठेवला तरी लहान दुकानाचे काम भागते. विकतचा हवा असेल तर क्विक हील आपल्या पुण्याचा आहे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि धाकटे भाऊ संजय यांनी लिहिलेल्या अँटिव्हायरसवर दोघांनी कंपनी उभी केली. दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्या आपल्या मुलांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

एक गोष्ट मात्र आपण आपल्याशीच बोलायला हवी. आपण हलाल रोजीचा विचार करतो, वजनात काटा मारत नाही. मग दुसऱ्याच्या मेहनतीची वस्तू मोबदला न देता वापरून त्यावर रोजी कमावणे कितपत बसते? फुकट आणि कायदेशीर पर्याय हाताशी असताना हा प्रश्न टाळण्याचे कारण उरत नाही.

किल्ली कोणाकडे?

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी नावाचे विद्वान होते. गुप्त लिपीत लिहिलेला मजकूर कसा उलगडावा, यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. त्यांची युक्ती साधी होती. प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, तर गुप्त मजकुरात कोणती खूण वारंवार येते ते मोजा, कोडे सुटत जाईल. माणसाच्या सवयीच त्याचे गुपित फोडतात, हे त्यांनी अकराशे वर्षांपूर्वी ओळखले.

पासवर्ड फोडणारेही सवयीच मोजतात. मुलाचे नाव आणि जन्मसाल, दुकानाचे नाव आणि १२३, मोबाइलचा नंबर, ७८६, हे सगळे ते आधी लावून पाहतात. पासवर्ड लांब असावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडून केलेला पासवर्ड लक्षातही राहतो आणि फुटायलाही अवघड जातो. ईमेल, बँक आणि केंद्राचा लॉगिन या तिन्हींचे पासवर्ड वेगळे असावेत. सर्वांत मजबूत पासवर्ड ईमेलला द्यावा, कारण ईमेल हाती आला की बाकीचे पासवर्ड बदलून घेता येतात. पासवर्ड वहीत लिहिले तरी चालतात, पण ती वही घरच्या कपाटात असावी. पडद्याच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी ही कुलपातच ठेवलेली किल्ली आहे.

ईमेल आणि व्हॉट्सअॅप दोन्हींत ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ असते. ते आजच चालू करावे. त्यामुळे एक किल्ली चोरीला गेली तरी दुसरी तुमच्याकडे राहते.

केंद्र चालवणाऱ्यांना आमची खास विनंती आहे. आपला ऑपरेटर लॉगिन कुणालाही, सख्ख्या चुलतभावालाही देऊ नये. त्या लॉगिनवर जे होईल ते तुमच्या नावावर लागते. जेवायला उठताना विंडोजचे बटण आणि ‘एल’ एकत्र दाबले की पडदा कुलूपबंद होतो. कामावरचा मुलगा सोडून गेला तर त्याच दिवशी सगळे पासवर्ड बदलावेत. त्यात त्याच्यावर संशय घेण्याचा प्रश्न नाही. पुढे काही घडले तर बोट त्याच्याकडे जाऊ नये, म्हणून त्याच्याही भल्याचे आहे.

लोकांचे कागद, लोकांचा अंगठा

झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सअॅप वेब दिवसभर उघडे असते. ग्राहक आधार पाठवतो, आपण छापतो, तो पैसे देऊन जातो. फाइल मात्र ‘डाउनलोड’मध्ये राहते. वर्षभरात तिथे हजारो लोकांचे आधार, निकालपत्रे, मुलींचे फोटो साठतात. रोज रात्री गल्ला मोजायच्या आधी हा फोल्डर आणि रिसायकल बिन रिकामे करण्याची सवय लावावी. बिघडलेल्या झेरॉक्स रद्दीत देऊ नयेत, फाडून टाकाव्यात. कुणाचे आधार भजीच्या पुड्याला लागू नये.

ग्राहकाने आपले व्हॉट्सअॅप किंवा ईमेल आपल्या संगणकावर उघडले असेल तर जाताना त्याच्यासमोर लॉगआउट करून दाखवावे. ओळख दाखवण्यापुरते काम असेल तिथे ‘मास्क्ड आधार’ची आठवण करून द्यावी. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात.

अंगठा लावून पैसे काढण्याच्या सेवेबाबत फार जपायला हवे. त्यात आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा एवढेच लागते. पिन नाही, ओटीपी नाही. जमिनीच्या नोंदणीच्या दस्तांवरून अंगठ्याचे ठसे उचलून, त्यांचे नकली साचे करून खाती रिकामी केल्याची प्रकरणे काही राज्यांत पोलिसांत नोंदली गेली आहेत. यावर आधार प्राधिकरणाने उपाय दिला आहे. संकेतस्थळावरून किंवा मोबाइल अॅपवरून आपले ठसे कुलूपबंद करता येतात आणि गरजेला तात्पुरते उघडता येतात. घरातल्या ज्यांना अंगठ्यावर पैसे काढावे लागत नाहीत, त्यांचे ठसे बंद ठेवावेत.

आणि काउंटरच्या पलीकडे अक्षरओळख नसलेली एखादी मजुरीवाली आजी उभी असेल, तर अंगठा कशासाठी घेतला, किती रुपये निघाले, किती शिल्लक आहेत, हे तिला मोठ्याने सांगावे आणि छापील पावती हातात द्यावी. व्यवहार ‘फेल’ झाला तर तसेही सांगावे. दुसऱ्यांदा अंगठा घेण्याआधी पहिल्या खेपेस खात्यातून रक्कम कापली गेली का, ते पाहावे. ती आपल्यावर विसंबून डोंगरावरून आलेली असते. जाब विचारायला तिच्याकडे साधन नाही, म्हणून आपली जबाबदारी दुप्पट आहे.

जमातीच्या हिशोबाबद्दलही इथेच सांगतो. जकात आणि मदत घेणाऱ्या कुटुंबांची यादी उघड्या फायलीत नसावी. एक्सेलच्या फायलीला पासवर्ड लावता येतो. ती यादी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर कधीच टाकू नये. गरजूची इज्जत झाकणे हा मदतीचाच भाग आहे.

कॅमेरा, वायफाय आणि दुरुस्ती

चोर दिसावा म्हणून लावलेला कॅमेरा चोरालाच आपले घर दाखवू शकतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे फक्त साठेक पासवर्डची यादी होती. कारखान्यातून यंत्राबरोबर येणारे, कुणीच न बदललेले पासवर्ड. फेब्रुवारी २०२५ मध्ये शेजारच्या गुजरातेत, राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणी खोलीचे चित्रण बाहेर फुटल्याचे उघड झाले. त्या बायकांवर काय गुदरले असेल, याची कल्पना करून पाहावी.

कॅमेरा बसवणारा निघायच्या आधी त्याच्यासमोर डीव्हीआरचा आणि राउटरचा पासवर्ड बदलून घ्यावा. घरात कॅमेरा दारापुरताच ठेवावा. आतल्या खोल्या, कपडे बदलण्याची जागा, शिलाईचे माप घेण्याची जागा यांच्याकडे त्याचे तोंड नसावे. दुकानाचे वायफाय ग्राहकांना द्यायचेच असेल तर बहुतेक राउटरमध्ये ‘गेस्ट’ नेटवर्क असते, ते द्यावे.

संगणक दुरुस्तीला देताना कुटुंबाचे फोटो आणि ग्राहकांच्या फायली आधी दुसऱ्या डिस्कवर घेऊन त्यावरून काढून टाकाव्यात. जुना संगणक विकताना नुसते ‘डिलीट’ पुरत नाही. पुसलेल्या फायली परत मिळवणारे प्रोग्राम फुकट मिळतात. हार्ड डिस्क काढून ठेवावी आणि बाकीचा संगणक विकावा, हा सोपा मार्ग.

फोनवरचे साहेब

कितीही कुलुपे लावली, तरी दार आपणच उघडून दिले तर उपयोग नाही. ‘बँकेतून बोलतोय, केवायसी संपले’, ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’, ‘तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्हाला डिजिटल अटक आहे’. डिजिटल अटक नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. कोणताही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. आपले नाव ऐकून कुणी ‘दहशतवादाच्या प्रकरणात नाव आले आहे’ असे धमकावले, तर भीती जास्त वाटते, आणि तो नेमका त्याच भीतीवर धंदा करतो. फोन ठेवावा आणि घरात सांगावे.

कुणी एनीडेस्क, टीमव्ह्यूअरसारखे अॅप घ्यायला सांगून त्यातला आकडा मागितला तर देऊ नये. तो आकडा दिला की तुमचा पडदा त्याच्या हाती जातो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. बँकेचे संकेतस्थळ गुगलवर शोधून उघडू नये. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांचे पत्ते आता ‘डॉट बँक डॉट इन’ असे संपतात, तेवढी खूण पाहावी.

व्यापाऱ्यांनी आणखी एक सावधगिरी घ्यावी. नेहमीच्या माल पाठवणाऱ्याकडून ‘आमचे बँक खाते बदलले, या नव्या खात्यात पैसे टाका’ असा ईमेल आला, तर आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करावी. ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची शहानिशा करण्याचा जो आदेश आहे, तो बाजारालाही तितकाच लागू आहे.

दुसरी प्रत

कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, देणे-घेणे लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदार ठेवण्याबद्दल आहे. हिशोब एकाच ठिकाणी, एकाच माणसाच्या भरवशावर राहू नये, ही समज आपल्याला वारशाने मिळाली आहे.

आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. डिस्क बंद पडते, उंदीर वायर कुरतडतो, लॅपटॉप प्रवासात हरवतो. खंडणी मागणारा प्रोग्राम शिरला तर फायली असून नसल्यासारख्या होतात, आणि पैसे भरूनही त्या परत मिळतील याची हमी नसते. यावर एकच उपाय आहे. महत्त्वाच्या फायलींच्या एकूण तीन प्रती असाव्यात. एक संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी दुकानाबाहेर, म्हणजे घरी किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात. बाहेरची डिस्क प्रत घेतल्यावर काढून ठेवावी. ती लावलेलीच राहिली तर संगणकाबरोबर तीही कुलूपबंद होईल. टॅलीचा बॅकअप रोज, बाकीचा आठवड्यातून एकदा. आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीतली एखादी फाइल उघडून पाहावी. न उघडणारी प्रत असून उपयोग काय?

अवकाळीचे ढग दिसले की वाळत घातलेल्या मिरचीवर ताडपत्री टाकायला नंदुरबारचा व्यापारी धावतो. बॅकअपला मात्र ढग दिसत नाहीत. ताडपत्री आधीच टाकलेली असावी लागते.

झालेच तर

पैसे गेल्याचे कळताच पहिला फोन १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवले जात असतात, वाटेत ते अडवता येतात, म्हणून पहिले काही तास मोलाचे. लगेच बँकेला कळवून खाते आणि कार्ड थांबवावे, ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक लिहून घ्यावा. संदेश, नंबर, पडद्याचे फोटो पुसू नयेत, तो पुरावा आहे. संगणकाला लागण झाल्याचा संशय असेल तर आधी इंटरनेटची वायर काढावी किंवा वायफाय बंद करावे. आजारी पक्षी वेगळा करण्यासारखेच हे आहे. मग दुसऱ्या, निर्धोक यंत्रावरून पासवर्ड बदलावेत.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना तुमची ना बँकेची अशी फसवणूक झाली आणि बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर तुमच्यावर तोशीस येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवण्यापूर्वीचे नुकसान तुमचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. दोन्ही प्रकारांत उशीर महाग पडतो. दुसऱ्याची ओळख किंवा पासवर्ड वापरणे आणि संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणे, या गुन्ह्यांना माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी आणि ६६ डी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

कायदा आहे, हेल्पलाइन आहे, पण सगळ्यात मोठी अडचण शरमेची असते. फसलेली आई मुलांना सांगत नाही, कामावरचा मुलगा मालकाला सांगत नाही, आणि तासामागून तास निघून जातात. घरात आणि दुकानात आधीच सांगून ठेवावे, की असे काही झाले तर रागावणार नाही, फक्त लगेच सांगा. हे एक वाक्य कोणत्याही अँटिव्हायरसइतकेच उपयोगाचे आहे.

एका बदूने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले होते, की उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून? आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असे त्याला सांगितले गेले, ही हकीकत आपल्या घराघरांत सांगितली जाते. आपल्या काळात अनेकांची कमाई आणि अब्रू त्या टेबलावरच्या यंत्रात आहे. या आठवड्यात इशाच्या नमाजानंतर अर्धा तास काढावा. अपडेट लावावे, टू-स्टेप चालू करावे, एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, डाउनलोडचा फोल्डर रिकामा करावा आणि १९३० हा आकडा काउंटरच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. घरातल्या दहावी-बारावीच्या मुलामुलींना सोबत बसवावे. हे काम त्यांना आपल्यापेक्षा लवकर जमते, आणि लोकांची अमानत कशी सांभाळायची, हेही ते आपल्याकडे पाहून शिकतील, इन्शाअल्लाह.